योना शोधणारी वृत्तपत्रे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या वृत्तपत्रांना अपयशाची बातमी लिहिताना दोन शब्द हाताशी असत: ‘जोनाह’ आणि ‘हूडू’. जहाज वाळूत रुतले, नाटक कंपनीचे दौऱ्यात दिवाळे वाजले, बेसबॉलचा संघ ओळीने सामने हरू लागला, की यांपैकी एक शब्द मथळ्यात चढे. जोनाह म्हणजे ज्याच्या नुसत्या सोबतीने इतरांचे वाटोळे होते असा माणूस. हूडू म्हणजे दुर्दैव चिकटलेली वस्तू, जागा, दिवस किंवा माणूसही. मराठीत पनवती, अवलक्षणी, पांढऱ्या पायाची ही विशेषणे जिथे वापरली जातात तीच ही जागा. लिहिणारा अर्धवट थट्टेत लिही आणि वाचणारा अर्धवट थट्टेत वाची. त्यामुळे या भाषेमागे काही विचार असेल असे कोणाला फारसे वाटले नाही. पण आलेले संकट कोणामुळे आले, हा धर्मशास्त्रातला फार जुना प्रश्न या मथळ्यांमधून रोज निकाली काढला जात होता, आणि त्याचे उत्तर धर्माने दिलेल्या उत्तराहून अधिक निर्दय होते.

जोनाह हा बायबलच्या जुन्या करारातला योना. देव त्याला निनवे नगरीत जाऊन तिथल्या लोकांना इशारा द्यायला सांगतो, तर तो याफोच्या बंदरात जाऊन उलट दिशेच्या, तार्शीशच्या जहाजावर चढतो. समुद्र खवळतो. खलाशी आपापल्या देवांचा धावा करतात, माल समुद्रात टाकतात, शेवटी चिठ्ठ्या टाकतात आणि चिठ्ठी योनाच्या नावाने निघते. यापुढचा तपशील बहुतेकांच्या स्मरणातून गेला आहे. खलाशी त्याला लगेच उचलून फेकत नाहीत. तू कोण, कुठला, काय केलेस, असे ते विचारतात. तो दोष कबूल करतो आणि मला समुद्रात टाका असे स्वतःच सांगतो, तरीही ते आधी वल्ही मारून किनारा गाठण्याची धडपड करतात. काहीच चालेना तेव्हा क्षमा मागून त्याला टाकतात. मग मासा, तीन दिवस, सुटका आणि निनवेला जाण्याची दुसरी संधी. कथेत अपराध आहे, चौकशी आहे, कबुली आहे आणि परतीची वाटही आहे. दर्यावर्दी लोकांनी यातला फक्त चिठ्ठीचा भाग उचलला आणि पुढे वृत्तपत्रांनी तोच छापला. त्यांच्या जोनाहने काहीही केलेले नसे. तो जहाजावर होता, एवढेच पुरे.

त्याआधीच्या पिढीची भाषा वेगळी होती. तिच्यात दैवाला फारशी जागा नव्हती. जे घडे ते ईश्वरी न्यायाने घडे. सर्कस आणि अजबखान्यांचा मालक पी. टी. बार्नम १८५६ च्या सुमारास एका घड्याळ कंपनीच्या हुंड्यांपायी बुडाला, तेव्हा लोकांना गंडवून मिळवलेला पैसा गंडवणुकीतच गेला, असा सूर अनेक पत्रकारांनी आणि व्यासपीठांवरून धर्मोपदेशकांनी लावला. बार्नम कमनशिबी आहे असे कोणी म्हटले नाही. त्याला शिक्षा झाली असे म्हटले. हे वाचायला कठोर वाटते, पण त्यात एक सोय होती. शिक्षा भोगून संपते. बार्नमने कर्ज फेडले, पुन्हा पैसा मिळवला, आणि त्याच्या नावाला अपशकुनाचा डाग राहिला नाही.

अटलांटिकच्या पलीकडे २८ डिसेंबर १८७९ च्या संध्याकाळी स्कॉटलंडमधल्या टे नदीवरच्या पुलाचा मधला भाग वादळात कोसळला आणि त्यावरून जाणारी आगगाडी नदीत गेली. मृतांची संख्या तेव्हा ७५ च्या आसपास धरली गेली. वाचले कोणीच नाही. दिवस रविवार होता. रविवारी गाड्या चालवणे हे पाप, असे मानणाऱ्या कर्मठ प्रेस्बिटेरियन मंडळींना यात देवाचा हात स्पष्ट दिसला. पुढच्या वर्षी चौकशी मंडळाने पुलाची रचना, बांधकाम आणि देखभाल या तिन्हींत दोष काढले आणि मुख्य ठपका आराखडा करणाऱ्या थॉमस बाउच यांच्यावर ठेवला. त्याच वर्षी बाउच वारले. एकाच अपघाताला देव, दैव आणि अभियंता अशी तीन कारणे लागू झाली आणि वाचकाने आपापल्या मनाप्रमाणे एक निवडले. चौकशीचे निष्कर्ष कोणाला वाचायला अवघड नव्हते. तरी पहिली दोन कारणे मागे हटली नाहीत, कारण अहवाल पूल का पडला ते सांगतो. त्या गाडीत नेमकी तीच माणसे का होती, हे सांगणे त्याचे काम नसते.

अपयश घटनेऐवजी माणसाला चिकटण्याचा बदल व्यापारी जगात आणखी लवकर झाला. १८३७ च्या आर्थिक अरिष्टात न्यूयॉर्कचा रेशीम व्यापारी लुईस टॅपन आणि त्याचा भाऊ आर्थर यांची पेढी अडचणीत आली. धर्मनिष्ठ आणि गुलामगिरीचा कट्टर विरोधक असलेल्या लुईसने १८४१ मध्ये ‘मर्कंटाइल एजन्सी’ काढली. गावोगावचे वकील आणि प्रतिष्ठित लोक तिथल्या दुकानदारांची माहिती तिला कळवत: दारू पितो का, जुगार खेळतो का, बायको कशी आहे, आधी बुडाला होता का. हे शेरे जाडजूड वह्यांत उतरवले जात आणि पैसे भरणाऱ्या सावकारांना वाचून दाखवले जात. पूर्वी ‘दिवाळे’ ही व्यापारात घडणारी एक घटना होती, पूर यावा तशी. वहीत उतरल्यावर ती माणसाच्या ओळखीचा भाग झाली. अमेरिकी इतिहासकार स्कॉट सँडेज यांनी या वह्यांच्या आधारे दाखवले आहे की, एकोणिसाव्या शतकात अपयश हे प्रसंगाचे नाव होते ते हळूहळू माणसाचे नाव झाले. वृत्तपत्रांची भाषा याच वाटेने गेली. एकदा बुडाला तो दुर्दैवी, दोनदा बुडाला तो नादान, आणि तिसऱ्यांदा बुडाला की मूळचाच करंटा.

या रिवाजातून सुटका करून घेतलेल्यांत मार्क ट्वेन ठळक आहे. जुळाऱ्यांचे काम करणाऱ्या एका यंत्रात त्याने वर्षानुवर्षे पैसा ओतला, आणि १८९४ मध्ये त्याची प्रकाशनसंस्थाही दिवाळखोरीत गेली. कायद्याने देणे नसलेली रक्कमसुद्धा फेडण्यासाठी तो जगभर व्याख्याने देत निघाला. जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत उतरला तेव्हा वॉटसन हॉटेलात राहिला. १८९८ पर्यंत कर्ज फिटले आणि वृत्तपत्रांनी त्याला सचोटीचा नमुना ठरवले. गंमत अशी की यंत्राची निवड, भागीदारांवरचा विश्वास आणि हिशेबाकडचे दुर्लक्ष, हे त्याचे खरे दोष या स्तुतीत कुठेच राहिले नाहीत.

आता ‘हूडू’. हा शब्द अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांच्या धर्माचारातून आला. मुळ्या, हाडे, स्मशानातली माती, बायबलमधली स्तोत्रे यांचा उपयोग करून रोग हटवणे, शत्रूला पीडा देणे, प्रेम वळवणे, मालकाच्या चाबकापासून बचाव करणे, असा तो पसारा होता. त्यात पीडेला पाठवणारा असे आणि पीडा उतरवणारा जाणकारही असे. गोऱ्या बातमीदारांनी हा सगळा व्यवहार बाजूला सारून फक्त ‘अपशकुन’ एवढा अर्थ ठेवला. योनाच्या कथेचे केले तेच इथेही केले: दुखणे घेतले, औषध टाकून दिले.

या शब्दाच्या जोडीला ‘मॅस्कॉट’ आला. एडमों ओद्रां या फ्रेंच संगीतकाराची ‘ला मॅस्कॉट’ ही संगीतिका डिसेंबर १८८० मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर आली आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला पोचली. तिच्यातली टर्की पक्षी राखणारी मुलगी ज्या घरात राहील त्या घराची भरभराट होते. अमेरिकी बेसबॉल संघांनी ही कल्पना लगेच उचलली आणि शुभशकुनासाठी कुबडे, ठेंगणे किंवा काळे पोर सोबत ठेवू लागले. शिकागोच्या संघाने १८८८–८९ च्या जगप्रवासात क्लॅरेन्स ड्युव्हाल या कृष्णवर्णीय मुलाला असेच नेले होते. तो नाचे, मिरवणुकीत पुढे चाले, आणि त्याच्याबद्दलचे स्तंभ थट्टेने भरलेले असत. संघ जिंकला की तो मॅस्कॉट, हरला की हूडू. सामना खेळणारा तो नव्हता.

हे लेबल किती सहज चिकटते आणि कशाने निघते, याचा सर्वांत स्वच्छ नमुना ‘टेक्सस’ या युद्धनौकेचा. तिचा आराखडा इंग्लंडमधल्या बॅरो इथे झाला आणि बांधणी नॉरफोकच्या सरकारी गोदीत. ती १८९५ मध्ये सेवेत आली. आराखडा परदेशी असल्यामुळे सांगाडा पुरेसा मजबूत आहे का, अशी कुजबुज सुरुवातीपासून होती. १८९६ च्या सप्टेंबरात ती न्यूपोर्टजवळ जमिनीला टेकली. नोव्हेंबरात ब्रुकलिनच्या गोदीत धक्क्याला बांधलेली असताना पाणी आत घेणाऱ्या एका झडपेचा भाग तुटला आणि नौका जागच्या जागी तळाला बसली. वृत्तपत्रांनी तिला ‘जुनी हूडू’ असे नाव देऊन टाकले आणि पुढे साधी दुरुस्तीसुद्धा त्याच नावाखाली छापली जाऊ लागली.

स्पेन-अमेरिका युद्धात ३ जुलै १८९८ रोजी क्यूबातल्या सँतियागोच्या बंदरातून स्पेनचे आरमार वेढा फोडून बाहेर पडले. लढाईच्या तोंडालाच अमेरिकेचीच ‘ब्रुकलिन’ ही नौका अचानक वळून ‘टेक्सस’च्या समोर आली, कप्तान जॉन फिलिप यांना यंत्रे उलटी फिरवून टक्कर टाळावी लागली. हूडूच्या बातमीसाठी याहून चांगली सामग्री मिळाली नसती. पण काही तासांत स्पेनच्या चारही चिलखती क्रूझर्स आणि दोन विनाशिका संपल्या होत्या, आणि ‘टेक्सस’ने त्यात चोख काम केले होते. जळणारे स्पॅनिश जहाज पाहून खलाशांनी जयघोष सुरू केला तेव्हा कप्तानांनी, तिकडे माणसे मरत आहेत, म्हणून त्यांना गप्प केले. लढाई संपल्यावर सर्वांना डेकवर बोलावून त्यांनी सर्वशक्तिमान परमेश्वरावरचा आपला विश्वास जाहीरपणे सांगितला आणि टोप्या काढून मूकपणे आभार मानायला लावले. वृत्तपत्रांनी हे प्रसंग मोठ्या आदराने छापले. ‘जुनी हूडू’ हे नाव मागे पडले. नौकेचे पत्रे तेच, झडपा त्याच, आराखडाही बॅरोचाच.

इंग्लंडमध्ये असाच लौकिक ‘ग्रेट ईस्टर्न’चा होता. इझाम्बार्ड ब्रुनेलची ही महाकाय बोट नोव्हेंबर १८५७ पासून थेम्सच्या काठावर अडून बसली आणि ३१ जानेवारी १८५८ रोजी पाण्यात उतरली. पुढच्या वर्षी ब्रुनेल तिच्याच डेकवर कोसळला. चार दिवसांनी चाचणी प्रवासात स्फोट होऊन खलाशी भाजून मेले. त्यानंतर आठवड्याच्या आत ब्रुनेल गेला. चार हजार उतारूंसाठी बांधलेली बोट पहिल्यांदा अटलांटिक ओलांडताना पैसे देणारे जेमतेम ३५ जण घेऊन गेली. तिच्या दुहेरी तळात बांधकामाच्या वेळी एक कामगार चिणला गेला आणि त्याचा सांगाडा बोट मोडताना सापडला, ही कथा तर अजून सांगितली जाते. तिला भक्कम पुरावा नाही. उलट १८६६ मध्ये याच बोटीने युरोप-अमेरिका तार यशस्वीपणे टाकली आणि १८७० मध्ये मुंबई-एडन तारही तिनेच टाकली. एवढी लांब तार पोटात घेऊ शकणारी दुसरी बोट तेव्हा जगात नव्हती. उतारूंच्या धंद्यात जो आकार शाप होता तोच या कामात उपयोगी पडला. पण सांगाड्याची गोष्ट तारेच्या गोष्टीपेक्षा अधिक दिवस टिकली.

माणसांची ‘टेक्सस’इतकी सहज सुटका झाली नाही. २३ सप्टेंबर १९०८ रोजी न्यूयॉर्क जायंट्सचा १९ वर्षांचा फ्रेड मर्कल, विजयी धाव पूर्ण झाल्याचे पाहून, दुसऱ्या बेसला पाय न लावताच तंबूकडे पळाला. तेव्हाचे सगळेच खेळाडू असेच करत. जवळजवळ तीन आठवड्यांपूर्वी, ४ सप्टेंबरला, पिट्सबर्गच्या एका खेळाडूने नेमके हेच केले होते आणि पंच हँक ओडे यांनी ते चालवून घेतले होते. या वेळी पंच तेच होते, पण त्यांनी नियम लावला. सामना बरोबरीत धरला गेला, पुन्हा खेळावा लागला, जायंट्स हरले आणि अजिंक्यपद शिकागोला गेले. ‘बोनहेड’ म्हणजे मठ्ठ हे विशेषण मर्कलला आयुष्यभर चिकटले. पिट्सबर्गच्या त्या खेळाडूचे नाव आज जाणकारांखेरीज कोणाला ठाऊक नाही. त्याच संघाच्या फ्रेड स्नॉडग्रासने १९१२ च्या अंतिम सामन्यात एक सोपा झेल सोडला. पुढे तो बँकेत वर आला, कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डचा महापौर झाला, आणि १९७४ मध्ये वारला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मृत्युलेखाच्या मथळ्यात तो झेलच होता.

याच संघाचा गोलंदाज क्रिस्टी मॅथ्यूसन याच्या १९१२ च्या पुस्तकात अपशकुनावर एक अख्खे प्रकरण आहे. वाटेत रिकाम्या पिंपांची गाडी दिसली की त्या दिवशी चांगले फटके मारता येतात, असे एका खेळाडूने सांगितल्यावर व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ यांनी एका गाडीवानाला पैसे देऊन रोज मैदानाबाहेर पिंपांची गाडी फिरवायला लावली, असे तो सांगतो. मॅग्रॉ यांचा पिंपांवर विश्वास नव्हता; पिंपांवर विश्वास असलेल्या फलंदाजांवर होता. चार्ली फाउस्ट या कॅन्सासच्या शेतकऱ्यालाही त्यांनी १९११ मध्ये असेच जवळ ठेवले. तू जायंट्सला जिंकून देशील असे भविष्य ऐकून तो आला होता. संघाने साखळी जिंकली, वृत्तपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. मात्र अंतिम मालिका संघ हरला, पुढच्या हंगामात तो नकोसा झाला आणि १९१५ मध्ये मनोरुग्णालयात वारला.

या सगळ्याची टिंगल करणारेही होते. न्यूयॉर्कच्या ‘थर्टीन क्लब’ची पहिली मेजवानी शुक्रवार, १३ जानेवारी १८८२ रोजी झाली: खोली क्रमांक १३, टेबलावर १३ जण, शिडीखालून प्रवेश, मीठ मुद्दाम सांडलेले. वर्षभरात एकही सभासद मेला नाही, हे क्लबने अहवालात अभिमानाने नोंदवले. बातमीदारांना हा क्लबही आवडे. अपशकुन खरा ठरो की खोटा, रकाना भरत होता.

रकाना भरण्याची ही गरज १९२३ मध्ये उघडी पडली. तुतनखामेनच्या थडग्याच्या बातम्यांचे हक्क लॉर्ड कार्नार्व्हन यांनी लंडनच्या ‘टाइम्स’ला विकले होते; बाकीच्या पत्रांच्या बातमीदारांना दारावर ताटकळावे लागे. ५ एप्रिलला कार्नार्व्हन कैरोत वारले. डास चावलेल्या जागी जखम होऊन विष भिनले होते. थडग्याच्या शापाने ते गेले, ही बातमी मात्र कोणाच्या मालकीची नव्हती. हॉवर्ड कार्टर, ज्यांनी थडगे शोधले, ते १९३९ पर्यंत जगले. २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कार्टर यांनी नोंदवलेल्या ४४ पाश्चात्त्य व्यक्तींपैकी थडग्याशी प्रत्यक्ष संबंध आलेले २५ जण इतरांपेक्षा लवकर मेले असे दिसले नाही.

दुर्दैवी माणसात काहीतरी खोट असलीच पाहिजे, या ओढीचा सर्वांत नेमका उलगडा समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी केला आहे. सुखी माणसाला नुसते सुख पुरत नाही, त्या सुखावर आपला हक्क आहे अशी खात्रीही त्याला हवी असते. आणि ती हवी असेल तर दुःखी माणूस आपल्या दुःखाला लायक असावा लागतो. ख्रिस्ताने हा विचार स्पष्ट नाकारला होता. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेल्याचा उल्लेख येतो, तेव्हा ते यरुशलेमच्या इतर रहिवाशांपेक्षा अधिक अपराधी होते असे तुम्हाला वाटते काय, असे तो विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. जुन्या करारातल्या ईयोबाच्या दुःखाला त्याचाच दोष कारण मानणाऱ्या त्याच्या मित्रांनाही शेवटी देवाकडूनच बोल ऐकावे लागतात. वेबर यांच्या मते दुःख कोणाच्या वाट्याला का येते या कोड्याची सर्वांत सुसंगत उत्तरे थोडी, आणि कर्मसिद्धान्त त्यांतले एक: आजचे दुःख मागच्या कृत्याचे फळ, आणि आजचे कृत्य पुढच्या जन्माची पुंजी. हे उत्तर कठोर आहे, पण त्यात वेळ लांब आहे आणि माणसाच्या हाती काहीतरी शिल्लक राहते. पायगुणाच्या कल्पनेत तेही उरत नाही. घरात सून आली आणि सासरा गेला, तर तिने या जन्मी वा मागच्या जन्मी काय केले हे कोणी विचारत नाही. ती आली, हेच कारण. अमेरिकी वृत्तपत्रांचा जोनाह कर्मसिद्धान्तापेक्षा या पायगुणाच्या जवळचा आहे, आणि दोन्हीकडे बोट वळते ते उलट उत्तर देऊ न शकणाऱ्यावर: नवी सून, विधवा, तिरळ्या डोळ्यांची बाई, काळे पोर.

तत्त्वज्ञानात हा प्रश्न १९७६ मध्ये नव्या रूपात पुढे आला. बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल यांनी एका चर्चेत असे मांडले की आपण माणसाच्या कृत्याचा नैतिक निवाडा करताना त्याच्या हातात नसलेल्या परिणामाचाही हिशेब धरतो. मर्कल आणि पिट्सबर्गचा तो खेळाडू हे या विधानाचे जवळजवळ प्रयोगशाळेतले उदाहरण आहे. विल्यम्स यांना यातून सहज मार्ग दिसला नाही, आणि तसा मार्ग असल्याचा दावा त्यांनी केला नाही.

बातमीदारांची ही भाषा पहिल्या महायुद्धानंतर ओसरली, पण तिच्या मागची कल्पना शास्त्राच्या पोशाखात परत आली. १९१९ मध्ये मेजर ग्रीनवुड आणि हिल्डा वुड्स यांनी इंग्लंडमधल्या दारूगोळा कारखान्यांतल्या स्त्री कामगारांच्या अपघातांची मोजणी करून, काही थोड्या जणींना योगायोगाने व्हावेत त्याहून अधिक अपघात होतात, असे दाखवले. १९२६ मध्ये एरिक फार्मर आणि ई. जी. चेंबर्स यांनी याला ‘अपघातप्रवणता’ असे नाव दिले. जर्मनीत कार्ल मार्बे त्याच वेळी याच निष्कर्षाला पोचले होते. काही माणसे जन्मतःच अपघात ओढवून घेतात, असा याचा सरधोपट अर्थ लावला गेला आणि तो कारखानदारांना सोयीचा पडला, कारण यंत्राला जाळी बसवण्यापेक्षा कामगार बदलणे स्वस्त होते. १९५१ मध्ये आर्बस आणि केरिक यांनी या पुराव्याची छाननी करून, असेच आकडे जन्मजात प्रवणता न मानताही निघू शकतात, हे दाखवून दिले. तोपर्यंत हा शब्द कारखान्यांच्या कारभारात आणि रोजच्या बोलण्यात रुळून गेला होता.